पाच तज्ज्ञ, एक पेशंट आणि गोळ्यांचा गोल

अर्धविराम (धागाकर्ता)

बाबा ७८ वर्षांचे. गेल्या महिन्यात दोन दिवस जुलाब झाले, अशक्तपणा आला म्हणून दाखवायला नेलं, तर क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) २.६. चार महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टात १.१ होतं. लगेच ॲडमिट करून घेतलं.

रात्री साडेदहाला वॉर्डात एक रेसिडेंट डॉक्टर आली. वय असेल सव्वीस-सत्तावीस. फाईल चाळली आणि म्हणाली, "काका घरी जे जे घेतात ते सगळं आणलंय का?" मी पिशवी पुढे केली. तिने ती बाबांच्या पायापाशी पलंगावर सरळ ओतली. अकरा स्ट्रिप्स. एकेक उचलायची आणि विचारायची, "ही कधीपासून? कोणी दिली? तेव्हा काय होत होतं?" मला सांगता येईना, तेव्हा मोबाईलमधले प्रिस्क्रिप्शनचे फोटो बघून तारखा जुळवल्या. वीसेक मिनिटांनी त्यातल्या सहा स्ट्रिप्स तिने ओळीने मांडल्या, आणि ती ओळ वळवत वळवत गोल केला.

गोल असा. रक्तदाबाचं रामिप्रिल आधीपासून होतंच. दाब तरी चढाच म्हणून हृदयविकारतज्ज्ञांनी जोडीला ॲम्लोडिपिन दिलं. दोन महिन्यांनी घोटे सुजले, फिजिशियननी लघवी होण्याची गोळी दिली. रात्री चारचारदा उठावं लागायला लागलं, मूत्ररोगतज्ज्ञांनी प्रोस्टेटची गोळी दिली. ती सुरू झाल्यावर उभं राहताना गरगरायला लागलं, कान-नाक-घसावाल्यांनी चक्करेची. मग पायाचा अंगठा लालबुंद होऊन ठणकायला लागला, अस्थिरोगतज्ज्ञांनी वेदनाशामक दिलं. त्यानंतर दाब पुन्हा वाढला. आम्ही परत हृदयविकारतज्ज्ञांच्या दारात. त्यांनी ॲम्लोडिपिन ५ चं १० केलं. घोटे आणखी सुजले.

"एकेकटी बघितली तर कुठलीच गोळी चुकीची नाही हो," ती म्हणाली. "फक्त पाचही जणांचे कागद कोणी शेजारी शेजारी ठेवले नाहीत."

त्या पाचजणांवर माझा राग नाही. (थोडा आहे.) पण इथे या क्षेत्रातले बरेच जण आहेत म्हणून विचारतो: वेगवेगळ्या शाखांचे डॉक्टर एकमेकांशी खरंच बोलतात का? कधी, कसं? नसतील बोलत तर नेमकं कुठे अडतं? आणि घरच्यांनी काय करायचं?

हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट कृपया कोणी सांगू नये. महिनाभरात चौदा नातेवाइकांनी सांगून झाली आहे.

---

पिंपळपान

बापरे. वाचतेय. बाबा आता कसे आहेत?

---

अर्धविराम

घरी आहेत. क्रिएटिनिन १.४ वर आलंय. अकराच्या सहा गोळ्या झाल्या आणि घोटे परत दिसायला लागले.

---

खलबत्ता

औषधशास्त्र शिकवतो. तुमचा गोल मी वर्गात वापरला तर चालेल का? इतकं नेटकं उदाहरण पाठ्यपुस्तकातही सापडत नाही.

याला प्रिस्क्रायबिंग कॅस्केड म्हणतात. एका औषधाचा दुष्परिणाम हा नवा आजार समजला जातो आणि त्यावर दुसरं औषध सुरू होतं. ॲम्लोडिपिनने बारीक रोहिण्या सैलावतात, पण पुढच्या नीला तेवढ्या सैलावत नाहीत. मधल्या केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी बाहेर झिरपतं. म्हणजे ती सूज अंगात पाणी जास्त झाल्याची नसतेच, म्हणून लघवीच्या गोळीने ती धड उतरतही नाही. त्या गोळीने मात्र रक्तातलं युरिक ॲसिड वाढतं. अंगठा तिथून आला: गाउट, म्हणजे युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी. वेदनाशामकं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात, म्हणून दाब चढला. गोल पूर्ण.

मूत्रपिंडाचं सांगतो, कारण तो भाग जास्त धोक्याचा आहे. गाळणीत रक्त आणणारी नळी वेदनाशामकामुळे आवळते. गाळणीतून बाहेर जाणारी नळी रामिप्रिलमुळे सैल पडते. लघवीच्या गोळीने मुळात रक्ताचं आकारमान कमी. आत कमी येतंय, बाहेर सहज जातंय, मग गाळायला दाब उरतो कुठे? तरी बाबांचं कसंबसं चाललं होतं. जुलाबांनी शेवटचा धक्का दिला. या त्रिकुटाला इंग्रजीत 'ट्रिपल व्हॅमी' असं खास नाव आहे, यावरून ते किती वेळा दिसतं याचा अंदाज यावा.

इथे वाचून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका. यातली काही एकदम थांबवली तर वेगळंच प्रकरण उभं राहतं. ज्यांनी दिली त्यांना विचारा.

---

उंटावरून

सगळं मान्य, पण यावर लोक 'टीम' हे उत्तर देतात ते मला पटत नाही. नोकरीत आयुष्यभर समित्या पाहिल्या. जिथे पाच जण जबाबदार असतात तिथे कोणीच नसतो. बारभाईंचा कारभार! बाबांना पाच डॉक्टर होते म्हणून हे झालं. एकच असता तर?

---

खलबत्ता

एकच असता तर गोल कदाचित दोन स्ट्रिप्समध्येच लक्षात आला असता, हे खरं. पण उद्या हृदयाची झडप बदलायची वेळ आली तर तो एकच तुम्हाला पुरणार का?

---

भूलथाप

भूलतज्ज्ञ आहे, बावीस वर्षं झाली. (नावावरून विनोद करून झाले असतील तर पुढे जातो.)

टीमवर्क हा शब्द आमच्याकडे पोस्टरवर लावून लावून गुळगुळीत झालाय, म्हणून मी फक्त अर्ध्या मिनिटाबद्दल लिहितो. पेशंट झोपलेला आहे, हिरवी कापडं लावून झाली आहेत, सर्जनचा हात ब्लेडसाठी पुढे आलाय. तेव्हा सिस्टर म्हणते, "टाइम आउट." सगळे थांबतात. पेशंटचं नाव काय, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू, अँटिबायोटिक गेलं का. एकदा या शेवटच्या प्रश्नाला मी सवयीने "हो" म्हणालो. सिस्टरने काही न बोलता ट्रेकडे बोट दाखवलं. भरलेली सिरिंज तिथेच होती, टोपणासकट. हे औषध चिरा देण्याआधीच्या तासाभरात रक्तात जावं लागतं, नंतर दिलं तर तेवढा उपयोग नसतो. मी ओशाळलो, दिलं, आम्ही थांबलो, मग सुरू केलं. पेशंटला यातलं काही कधीच कळलं नाही.

ही यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणली. एकोणीस मुद्दे, तीन टप्पे: भूल देण्याआधी, चिऱ्याआधी, पेशंट बाहेर नेण्याआधी. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत आधी करून पाहिली. त्याचे आकडे जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झाले: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ वर, गुंतागुंती ११ वरून ७ टक्क्यांवर. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही. एक कागद आणि मोठ्याने बोलणं.

लोकांना वाटतं जादू त्या कागदात आहे. माझ्या मते यादीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा म्हणजे खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगायचं. ऐकायला बालिश वाटतं. पण ज्याने सुरुवातीला एकदा तोंड उघडलंय, तो अर्ध्या तासाने "सर, थांबा" म्हणायला कमी घाबरतो.

---

उंटावरून

मी जरा शोधलं. २०१४ साली कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या १०१ हॉस्पिटलांचा अभ्यास आला होता. तीच यादी सगळीकडे लागू केली आणि मृत्यूंत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मग?

---

भूलथाप

बरं झालं काढलंत. माझ्या डोळ्यांसमोरचं सांगतो. एका ठिकाणी मी काही महिने जात होतो. तिथे पेशंट ओटीत (ऑपरेशन थिएटरात) यायच्या आधीच फॉर्मवर सगळ्या खुणा झालेल्या असायच्या. विचारलं तर कोऱ्या चेहऱ्याने उत्तर, "सर, नंतर वेळ मिळत नाही." वरून फर्मान आलं की यादी लागू करा, ती लागू झाली. बोलणं लागू झालं नाही. आठ हॉस्पिटलांच्या वेळी माणसांना शिकवायला आणि पाठपुरावा करायला कोणीतरी होतं. ओंटारियोबद्दल लोक वेगवेगळी कारणं देतात, मला हे सगळ्यात पटतं. ठाम पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही, तो एकच कोरा चेहरा आहे डोळ्यांसमोर.

---

रात्रपाळी

भूलथाप यांच्या ट्रेजवळची ती सिस्टर मी असते तर बोट दाखवायच्या आधी तीनदा विचार केला असता. सगळे सर ओशाळत नाहीत, काही खेकसतात.

नर्स आहे, सोळा वर्षं वॉर्डात. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. पोटाचं ऑपरेशन होऊन दुसरी रात्र, पहाटेचे तीन. पेशंटची नाडी संध्याकाळी ८८ होती, आता ११८. बीपी घसरलेलं, पण 'फार' नाही. हात गार. बाई नुसत्या म्हणत होत्या, "कसंतरीच होतंय." मी रेसिडेंटला फोन केला आणि म्हणाले, "सर, सात नंबर जरा बऱ्या वाटत नाहीयेत." ते म्हणाले, "सकाळी राउंडला बघू." फोन बंद. आता वाटतं, चूक एकट्या त्यांची नव्हती. सलग कितव्या तासाला होते कुणास ठाऊक, आणि मी त्यांना सांगितलं तरी काय? 'जरा बऱ्या वाटत नाहीयेत.' माझ्या हातात आकडे होते, मनात शंका होती, आणि दोन्ही मी गिळून टाकलं. पोटात रक्तस्राव होत होता. बाई वाचल्या, पण पहाटे पाचला पुन्हा ओटीत गेल्या, आणि ते दोन तास मला अजून आठवतात.

पुढे एसबीएआर शिकवलं, म्हणजे निरोप चार ठरीव पायऱ्यांत सांगायची पद्धत. मुळात अमेरिकेच्या अणुपाणबुड्यांवरची, तिथून कैसर परमनंटे या अमेरिकी आरोग्यसंस्थेच्या लोकांनी हॉस्पिटलात आणली. आधी परिस्थिती, मग मागचा इतिहास, मग मला काय वाटतं, मग मला काय हवंय. आज तोच फोन मी असा करेन: "सर, सात नंबर, नाडी ८८ ची ११८ झालीय, बीपी उतरतंय, हात गार. काल आतड्याचं ऑपरेशन झालंय. मला आत रक्तस्राव वाटतोय. तुम्ही दहा मिनिटांत इथे यायला हवंय." शेवटची दोन वाक्यं बोलायला मला दोन वर्षं लागली. आम्हाला 'निरीक्षण नोंदवा' एवढंच शिकवलं होतं. 'मला वाटतं' म्हणणं म्हणजे डॉक्टरच्या अधिकारात ढवळाढवळ.

पाळी बदलताना आम्ही ओव्हर देतो, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती सोपवतो, तेव्हाही हेच. "सात नंबर ठीक आहे" हा ओव्हर नाही. "सात नंबरवर लक्ष ठेव, कारण…" हा ओव्हर. २०१४ मध्ये एक अभ्यास आला: अमेरिका आणि कॅनडातल्या नऊ हॉस्पिटलांत रेसिडेंट डॉक्टरांच्या ओव्हरला ठरीव साचा दिला, आय-पास नावाचा, तर चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. त्यात मला आवडलेलं कलम म्हणजे ऐकणाऱ्याने ऐकलेलं परत बोलून दाखवायचं. आमच्याकडे ऐकणारा तोवर दुसऱ्या फाईलकडे वळलेला असतो :)

---

पिंपळपान

रात्रपाळी, अंगावर काटा आला. याच्यावर वेगळा धागा काढा ना.

---

भूलथाप

रात्रपाळींनी दुखऱ्या जागी बोट ठेवलं. आमच्या शाखेत शिकवली जाणारी एक घटना आहे. ब्रिटन, २००५. मार्टिन ब्रॉमिली हे विमानाचे पायलट. त्यांच्या पत्नीवर सायनसचं साधं ठरवून केलेलं ऑपरेशन होतं. भूल दिल्यावर श्वासनलिकेत नळी जाईना, मास्कनेही हवा जाईना. खोलीत अनुभवी डॉक्टर होते, एकापेक्षा जास्त. ते नळी घालण्याचा प्रयत्न करत राहिले आणि वेळ हातातून गेला. एका नर्सने गळ्याला छेद देण्याचा सेट आणून "आणलाय" असं सांगितलं. कोणी दखल घेतली नाही. दुसरीने आयसीयूत खाट सांगितली, पण डॉक्टरांचे चेहरे पाहून तिला वाटलं आपणच अति करतोय, आणि तिने ती रद्द केली. तेरा दिवसांनी त्या बाई गेल्या. काय करायला हवं हे खोलीत कुणालातरी कळलं होतं. ते निर्णय घेणाऱ्यापर्यंत पोचलं नाही.

ब्रॉमिली यांनी पुढे २००७ मध्ये याच विषयावर डॉक्टर-नर्स-अभियंते अशांचा गट उभा केला. विमानाच्या कॉकपिटमध्ये सहवैमानिकाने कॅप्टनला टोकणं हा त्याच्या कामाचाच भाग धरतात, मग ओटीत का नाही, हा त्यांचा साधा प्रश्न.

---

उंटावरून

हे मात्र मला पटलं. पण बघा, तुम्ही जे सांगताय ती 'टीम' नाही, तो 'टोकायचा हक्क' आहे. दोन वेगळ्या गोष्टी.

---

रात्रपाळी

नाहीत ना वेगळ्या. हक्क दिल्याशिवाय टीम म्हणजे नुसती गर्दी. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या आयसीयूंचं उदाहरण घ्या. आयसीयूत मोठ्या शिरेत जी नळी घालतात तिच्यातून जंतुसंसर्ग होतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉ. पीटर प्रोनोवोस्ट यांनी पाच साध्या गोष्टी ठरवल्या: हात धुवा, क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने त्वचा साफ करा, पूर्ण कापडं-मास्क-गाऊन, शक्यतो जांघेतली शीर टाळा, गरज संपली की नळी काढा. कोणाला माहीत नाही यातलं? पण जोडीला असं ठरलं की डॉक्टरने एखादी पायरी गाळली तर नर्सने त्याला थांबवायचं, आणि व्यवस्थापन तिच्या मागे उभं राहील. २००६ साली आकडे आले, संसर्ग दोनतृतीयांशाने घटला होता.

---

हाडवैद्य

अंगठ्यावर वेदनाशामक देणाऱ्या जमातीतला मी, ऑर्थोपेडिक सर्जन. दोन शब्द बचावाचे, बाकी कबुली.

बचाव: ओपीडीत समोर माणूस कळवळत असतो, दहा मिनिटं असतात, "दुसरी औषधं कुठली?" विचारलं की उत्तर मिळतं, "बीपीची एक आहे, पांढरी." कबुली: पांढरी म्हणजे कुठली हे खोदून विचारायचा कंटाळा मीही केलाय.

जिथे एकत्र काम जमलं ते सांगतो. म्हाताऱ्या माणसाच्या खुब्याचं हाड मोडतं. आम्ही ते जोडायचो, एक्स-रे सुंदर यायचा, आणि पेशंट न्यूमोनियाने किंवा भ्रमिष्ट होऊन जायचा. एक्स-रेच्या मानाने आम्ही पास. मग काही ठिकाणी वृद्धरोगतज्ज्ञांना पहिल्या दिवसापासून बरोबर घेतलं. रक्तातलं सोडियम, हृदय, गोळ्या, भ्रम, सगळं ते बघणार. भूलतज्ज्ञाने फिटनेसच्या नावाखाली चार-चार दिवस ऑपरेशन लांबवायचं नाही. दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट पेशंटला उभं करणार. ब्रिटनमध्ये २००७ पासून खुब्याच्या प्रत्येक फ्रॅक्चरची राष्ट्रीय नोंद ठेवायला लागले. इंग्लंडमध्ये २०१० पासून हॉस्पिटलला मिळणाऱ्या पैशांचा एक भाग ३६ तासांच्या आत ऑपरेशन आणि वृद्धरोगतज्ज्ञाची तपासणी यांना बांधला. पैसे बांधल्यावर आमच्या जमातीला मैत्री पटकन सुचते, हे मी स्वतःकडे बघूनच म्हणतोय.

उंटावरून यांच्या 'जबाबदार कोण' याचं उत्तरही यात आहे. पेशंट कागदावर दोघांच्या नावाने असतो, पण कोण काय बघणार हे आधी लिहिलेलं असतं. लिहिलेलं नसेल तर रात्रीच्या सोडियमचा फोन दोघांकडे फिरत राहतो. तेही अनुभवलंय.

---

पुनश्च

मी पेशंट. स्तनाचा कर्करोग, उपचार संपून चार वर्षं झाली. ट्यूमर बोर्ड माझ्या बाबतीत झालं: सर्जन, किमोवाले, रेडिएशनवाले, पॅथॉलॉजिस्ट, रेडिओलॉजिस्ट एका टेबलाभोवती. सर्जनचं आधीचं मत लगेच ऑपरेशन असं होतं. बैठकीत पॅथॉलॉजिस्टने गाठीचा प्रकार मांडल्यावर ठरलं की आधी किमो, गाठ लहान करू, मग ऑपरेशन. त्यामुळे माझा स्तन वाचला. ग्लासगोत असा एकत्रित विचार सुरू केलेल्या भागातल्या रुग्णांत स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू १८ टक्क्यांनी कमी दिसले, असा अभ्यास २०१२ मध्ये आला होता. तेव्हा मी असलं सगळं वाचत बसायचे.

पण मला जे खुपलं ते सांगते. मला कळवलं गेलं ते असं: "बोर्डाने ठरवलंय." त्या टेबलाभोवती मला भेटलेली दोनच माणसं होती. माझे हात हे माझं पोट आहे. मी संगणकावर चित्रं काढते. किमोतल्या एका औषधाने बोटांना बधिरपणा येऊ शकतो हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं, आणि मी चित्रं काढते हे कोणालाच माहीत नव्हतं. पाचव्या डोसला बोटं गेली. दीड वर्षाने परत आली, जवळजवळ. शेवटी ते विचारलं कोणी, तर किमोच्या खोलीतल्या सिस्टरने. ती सुई लावता लावता म्हणाली, "तुम्ही काय काम करता?"

---

रात्रपाळी

पुनश्च, सुई लावताना आम्ही शिरेवरून लक्ष उडावं म्हणून विचारतो. त्यातून कधीकधी फाईलमध्ये नसलेलं सगळं निघतं.

---

खलबत्ता

पुनश्च यांच्या प्रतिसादाला जोडून: २०१० मध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याबरोबर पहिल्यापासून वेदनाशमन आणि आधार देणारी पॅलिएटिव्ह टीम, जी मुख्यतः 'तुम्हाला काय होतंय, काय हवंय' हे विचारते. दुसऱ्या गटाचं जगणं जास्त सुसह्य होतं, शेवटचे आक्रमक उपचार त्यांनी कमी घेतले, आणि तरी ते जास्त जगले. ११.६ महिने विरुद्ध ८.९.

---

अर्धविराम (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. इतकं येईल असं वाटलं नव्हतं.

इकडची खबर. हाडवैद्य म्हणाले तसं 'कोण काय बघणार' हे लिहून घ्यायचं ठरवलं. आमच्या जुन्या फिजिशियनना भेटलो आणि सरळ विचारलं, "सगळ्या गोळ्यांची यादी शेवटी तुमच्याकडे राहील का? बाकीचे नवीन काही देतील तर तुम्हाला दाखवूनच सुरू करू." ते आधी जरा चमकले. मग म्हणाले, लघवीची गोळी मीच दिली होती ना. पुढे दोन मिनिटं कोणी काही बोललं नाही. नंतर त्यांनी स्वतः हृदयविकारतज्ज्ञांना फोन लावला, माझ्यासमोर. अख्खं संभाषण चार मिनिटांचं. पाच महिन्यांत जे झालं नाही ते.

---

उंटावरून

म्हणजे शेवटी एकच डॉक्टर! मी म्हणतच होतो ;)

बाकी थट्टा राहू दे. माझ्या नऊ गोळ्या आहेत. तो यादीचा कागद कसा केलाय? रकाने सांगा.

---

अर्धविराम

औषधाचं मूळ नाव (ब्रँड नाही, एकच औषध दोन नावांनी चालू होतं आमच्याकडे), किती, केव्हा, कोणी दिलं, कधीपासून.

---

रात्रपाळी

एक रकाना राहिला: कशासाठी. आणि बंद केलेली औषधंही खाली लिहा, का बंद केलं त्यासकट. नाहीतर पुढच्या ॲडमिशनला कोणीतरी तीच परत सुरू करतं.

---

उंटावरून

केला कागद. 'कशासाठी' समोर तीन रकाने कोरे राहिलेत. बायकोला विचारलं, तीही म्हणते माहीत नाही. एक तर बहुतेक २०१९ पासून चालू आहे. गुरुवारची अपॉइंटमेंट घेतली आहे.